पुलाखाली दार कुठलं?

३ जानेवारी २००३, शुक्रवार

पतसंस्थेने दिलेली ही डायरी दोन दिवस कोरी होती, कारण लिहिण्यासारखं काही घडलं नव्हतं. आज घडलं. मला पर्यवेक्षक केलं आहे.

माझी सगळी नोकरी घरपट्टी विभागात गेली. नाशकात असं दार नसेल ज्याची कडी सावळीराम विधातेने वाजवली नाही. म्हणूनच साहेबांनी आज केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, "विधाते, परवा पल्स पोलिओ आहे. गंगेच्या काठाने उघड्यावर राहणारे लोक आहेत, पुलाखाली, पायऱ्यांवर. त्यांची पोरं दर खेपेला सुटतात. हे काम तुमच्यासारख्या माणसानेच करावं. आठवडाभर ऑफिसात फिरकलात नाही तरी चालेल."

बाहेर आलो तर सगळा विभाग हसतमुख. कुणीतरी भजी मागवली. मी आठवडाभर नसणार हे त्यांना जड जाणार आहे, पण वरवर दाखवत नाहीत.

घरी सांगितलं तर सौ. म्हणाली, "ज्यांना घरच नाही त्यांच्याकडे घरपट्टीवाला? टकल्याकडे न्हावी पाठवल्यासारखं झालं."

तिला प्रशासन कळत नाही. मोठी गोष्ट म्हणजे जीप मिळाली आहे, लाउडस्पीकरसकट. अतिक्रमणवाल्यांची आहे, उसनी. ड्रायव्हर कुंदनने दारावरची अक्षरं पोलिओच्या बॅनरने झाकली. बॅनर जरा अपुरा पडला आणि 'अतिक्र' एवढं बाहेर राहिलं, पण ते कोण वाचतंय. अशी रुबाबदार गाडी पाहिली की लोक आपोआप गोळा होतील.

५ जानेवारी, रविवार

आज बूथ. रामकुंडापासून थोडं खाली, झाडाखाली टेबल टाकलं. बरोबर सिस्टर शुभांगी आहेत. वयाने माझ्या मुलीएवढ्या, पण कामाला चलाख. थेंब त्या पाजणार, देखरेख मी करणार.

लस थंड राहावी म्हणून निळी पेटी असते, पट्टा लावलेली. सिस्टर टेबल पुसत होत्या म्हणून मी ती खांद्याला अडकवून उभा राहिलो. पाच मिनिटांत घाटावरची पोरं भोवती. मला फार समाधान वाटलं. मग एक म्हणालं, "मलई हाय का पिस्ता?"

मी कुल्फीवाला नाही, हे त्यांना आवाज चढवून सांगावं लागलं. आवाज चढल्यावर निम्मी पळाली. उरलेल्यांना सिस्टरनी थेंब पाजले आणि करंगळीला शाई लावली.

पुंजा नावाचा एक म्हातारा घाटावरच राहतो. तोही रांगेत उभा राहिला आणि तोंड उघडलं. मी म्हणालो, "बाबा, पाच वर्षांच्या आतल्यांनाच."

"माझं वय कोनी मोजलंच नाय, साहेब. पाचाच्या आत पन असंल."

"दाढी पांढरी झाली आहे!"

"ती थंडीनं झाली."

शेवटी म्हणे शाई तरी लावा, फुकट काही मिळाल्याची खूण कुठं तरी असू दे. सिस्टरनी लावली. हे नियमात बसत नाही, पण मी दुसरीकडे पाहिलं. पुंजा दिवसभर करंगळी वर धरून हिंडत होता.

दुपारी सिस्टर बर्फ आणायला गेल्या असताना एक बाई आली, कडेवर बाळ. सुरगाण्याकडची असावी, मजुरीला आलेली. एका पायाने लंगडत होती. नाव विचारलं, भागुबाई. बाळाचं लखन. द्राक्षाच्या मळ्यावर जाणारा टेम्पो नाक्यावरून निघणार होता म्हणून तिला फार घाई.

मी विचारलं, "राहता कुठे?"

"हिथंच. पुलाखाली. कधी तिकडं."

"कधी तिकडं म्हणजे? कायमचा मुक्काम सांगा."

तिने नाक्याकडे पाहिलं. मी समजुतीने सांगितलं, "थांबू नका, तुमचा टेम्पो चुकेल. आम्ही उद्यापासून घरोघर येतोच आहोत. तुम्ही आपल्या दारात थांबा."

"दारात?" ती म्हणाली.

"दारात," मी म्हणालो.

गोरगरिबांची सोय पाहिली की दिवस सत्कारणी लागल्यासारखा वाटतो.

६ जानेवारी, सोमवार

सकाळी जीप घेऊन थेट पुलाखाली. लांबून दिसलं की बरीच कुटुंबं आहेत, चुली पेटलेल्या, पोरं खेळतायत. मी लाउडस्पीकर हातात घेऊन घोषणा केली, "सर्व रहिवाशांनी लहान मुलांसह ताबडतोब घराबाहेर यावे!"

जीप थांबेपर्यंत पुलाखाली काळं कुत्रं उरलं नाही. खरं तर काळं कुत्रंच तेवढं उरलं. आणि पुंजा. बाकी सगळे गोधड्या, पातेली, पोरं उचलून गायब. एका चुलीवर भाकरी तशीच. कुंदनने ती उलटली, करपू नये म्हणून.

पुंजा म्हणाला, "साहेब, आमी भायेरच हाय की. अजून किती भायेर येऊ?"

या लोकांच्या मनात लसीबद्दल केवढी भीती आहे! आज रात्री पोलिओवर एक भाषण लिहून काढणार आहे.

७ जानेवारी, मंगळवार

पुन्हा तेच. जीप वळणावर आली की धावपळ. भाषण वाचायला समोर कुणी नाही. पुंजाला वाचून दाखवलं. त्याला आवडलं, पण मध्येच त्याने विचारलं की याच्यात डाळ कधी वाटणार.

दुसरी अडचण खुणांची. ज्या घराला भेट दिली त्याच्या दारावर खडूने खूण करायची असा नियम. इथे दार कुठलं? मी डोकं चालवून पुलाच्या खांबावर खूण केली, तर तिथे कुणीतरी ओलं लुगडं वाळत घातलं आणि ती पुसली गेली. मग एका हातगाडीवर केली, कारण तिच्याखाली एक कुटुंब राहतं असं पुंजाने सांगितलं. संध्याकाळी घरी जाताना रविवार कारंजावर तीच हातगाडी, वर मेथीच्या जुड्या. मी मालकाला खडसावून विचारलं, "या घरातली मुलं कुठे आहेत?" त्याने मला एक जुडी कमी भावात दिली आणि हळूच बाजूला व्हायला सांगितलं.

लांबून भागुबाई दिसली होती आज. लखन पाठीला बांधलेला. लंगडते, तरी काय चपळ! पायऱ्या अशी चढून गेली की कुंदन मागे धावून दमला. मी तिला स्पष्ट सांगितलं होतं दारात थांबायला.

सिस्टर म्हणाल्या, "सर, उद्या आपण चालत गेलो तर?"

तरुण पिढीला साधनांची किंमत नाही.

८ जानेवारी, बुधवार

आज बाजाराचा दिवस, गंगेवर गर्दी. मी धोरण बदललं. ऑफिसमधला शिपाई पेठ तालुक्यातला आहे. त्याला विचारलं, या लोकांशी कसं बोलावं. तो म्हणाला, साधं बोला, आपुलकीनं बोला. म्हणून मी स्पीकरवरून साधं बोललो, "बायांनो, भिऊ नका! आम्ही तुमच्या पोरी बघायला आलोय!"

मुलं म्हणायला हवं होतं. पण मुलगे मुली दोघांनाही थेंब द्यायचे असतात आणि मुलींकडे दुर्लक्ष होतं असं मी परवाच वाचलं होतं.

नेहमीप्रमाणे सगळे पळाले. पण अक्काबाई नावाची एक म्हातारी, जिला पळवत नाही, ती काठी टेकत जीपपाशी आली. "नवरा कोन?" मी गोंधळलो. तिने कुंदनकडे पाहिलं. "ह्यो?" त्याला खाली उतरवलं, भोवती एक फेरी मारली, दात बघितले. "पगार हाय का?" कुंदन लाजला. त्याचं लग्न ठरत नाहीये हे मला माहीत होतं, पण तो इतक्या गंभीरपणे उत्तरं देईल असं वाटलं नव्हतं. शेतीबद्दलही सांगितलं त्याने.

सिस्टर हसून हसून पायरीवर बसल्या. आज एकाही मुलाला थेंब नाही.

रात्री सौ.ला सगळं सांगितलं. ती भाकऱ्या थापत होती. म्हणाली, "अहो, ती जीप कुणाची?"

मी म्हणालो, "विषय बदलू नकोस."

९ जानेवारी, गुरुवार

जीप बंद पडली. कुंदन म्हणतो बॅटरी. सिस्टर त्याच्या बाजूला उभ्या होत्या आणि दोघं एकमेकांकडे बघत नव्हते. थंडी मरणाची, म्हणून सौ.ने मला जुना तपकिरी स्वेटर, माकडटोपी आणि वरून शाल असं बांधून पाठवलं. पालिकेचा बिल्ला पार आत गेला.

चालत गेलो. आणि चमत्कार! कुणी पळालं नाही. बाया चुलीपाशी बसल्या होत्या त्या बसूनच राहिल्या. एकीने तर "शेका जरा" म्हणून आग पुढे सरकवली. सिस्टरनी पेटी उघडली आणि पोरामागून पोर. मी गाल दाबून तोंड उघडायचो, त्या थेंब टाकायच्या. एकाने माझं बोट चावलं, एक माझ्या शालीत मुतलं. पुंजा रांग लावत होता, करंगळी वर करून, जणू तोच पर्यवेक्षक.

मी घरी येईपर्यंत विचार करत होतो की आज वेगळं काय घडलं. स्वेटर! ऊबदार कपड्यातला माणूस लोकांना घरचा वाटतो. साहेबांना सुचवणार आहे की पुढच्या फेरीत सर्व पथकांना स्वेटर द्यावेत.

सिस्टर म्हणाल्या, "सर, उद्याही जीप बंदच राहील असं मला वाटतं." यांत्रिक गोष्टींचीही त्यांना जाण आहे असं दिसतं.

फक्त भागुबाई नव्हती. पुंजा म्हणाला, पहाटे सगळ्यांना उठवलं, ती तेव्हापासून दिसली नाही. कुणी उठवलं विचारलं तर म्हणाला, "उठवनारे." हे काही उत्तर झालं?

१० जानेवारी, शुक्रवार

आज फार लिहायचं आहे. बोटं गारठली आहेत, तरी लिहितो.

सकाळीच भागुबाई सापडली. पायऱ्यांवर उन्हात बसली होती, लखन मांडीवर. मी हाताने सिस्टरना मागे थांबवलं, कारण घाईने काम बिघडतं. खाली बसलो, खिशातून भाषण काढलं आणि तिला नीट समजावून सांगायला सुरुवात केली. पोलिओ म्हणजे काय. तो लहानपणीच कसा गाठतो. ताप कसा येतो आणि मग एखादा पाय कसा कायमचा...

तिने शांतपणे ऐकलं. मग लुगड्याचा काठ जरा वर केला. डावा पाय गुडघ्याखाली मनगटाएवढा.

"मला म्हाईत हाय, साहेब," ती म्हणाली. "आमच्या पाड्यावं कोनी आलंच नव्हतं थेंब घेऊन."

भाषणाचं अजून अर्धं पान उरलं होतं. मी ते घडी करून ठेवलं.

"म्हनून तर रविवारी तुमच्याकडं आलेले," ती पुढे म्हणाली. रागाने नाही, नुसती सांगत होती. "तुमी म्हनले दारात थांब. मंग थांबले. तीन दिस कामाव गेले नाय. ती गाडी आली का सामान घेऊन पळायचं, गाडी गेली का परत यायचं, तुमी येनार म्हनून. गाडीवाले पातेली सुदिक घेऊन जातात. तुमी आलेच नाय."

"आम्ही..." मी म्हणालो. "आम्ही त्या गाडीत..."

सिस्टर पेटीत बघत होत्या. फारच बारकाईने बघत होत्या.

हे मी सौ.ला सांगितलेलं नाही. तिला बुधवारीच कळलं होतं असं आता वाटतं.

मी म्हणालो, "सिस्टर, आधी लखनला द्या." तर सिस्टर उठून उभ्या राहिल्या. बाटलीवर एक चौकोन असतो, तो काळवंडला की लस बाद. पेटीतलं बर्फ कालपासूनच्या धावपळीत वितळलं होतं आणि उरलेल्या बाटल्यांचे चौकोन गेले होते. "दवाखान्यातून ताज्या घेऊन येते, रिक्षाने जाते. सर, इथून हलू नका हां!" आणि त्या पळाल्या.

तेवढ्यात वरून कुणीतरी हाक मारली की पलीकडे अतिक्रमणवाल्यांची दुसरी गाडी आली, सामान उचलतायत. भागुबाई ताडकन उठली. तिची गोधडी, पातेलं, सगळं तिकडे. तिने लखनला उचललं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. "हिथंच बसा. हलू नका." गेलीसुद्धा.

तर मी बसलो. माकडटोपी, शाल, मांडीवर फाटक्या फडक्यातलं झोपलेलं मूल. एकाच वेळी दोन बायकांनी मला हलू नका म्हणून सांगितलं होतं, त्यामुळे मी श्वासही जपून घेत होतो.

यात्रेकरूंचा एक घोळका आला. एका गृहस्थाने माझ्यापुढे पत्रावळ ठेवली, पुरी आणि बटाट्याची भाजी. मी मान हलवली, त्याला वाटलं कमी पडली, आणखी दोन पुऱ्या घातल्या. बोललो असतो तर लखन उठला असता. पुरी बरी होती.

मग एक हवालदार आला. "ए बाबा, ऊठ. हितं बसायचं नाय."

मी कुजबुजलो, "मी पर्यवेक्षक आहे."

"आन मी कमिशनर. ऊठ."

बिल्ला स्वेटरच्या आत, स्वेटर शालीच्या आत, आणि या सगळ्यावर लखन. मी उठलो. जवळच्या देवळाच्या ओट्यावर जाऊन बसलो. तिथे एक बाई ओटा धूत होती, तिने माझ्याकडे न पाहता पाणी माझ्या दिशेने लोटलं. पुढे चिवड्याच्या दुकानाच्या सावलीत उभा राहिलो. दुकानदार म्हणाला, "बाबा, गिऱ्हाईक येत नाय मग, जरा पुढं हो." मी त्याच्या दुकानाची घरपट्टी गेली कितीतरी वर्षं लावतो आहे. त्याने मला ओळखलं नाही. पुढे होण्यासारखी जागा शोधत शोधत मी कुठे आलो तेच कळेना. जिथे टेकावं तिथे कुणीतरी काहीतरी झाडत, धूत किंवा ओरडत होतं. उभं राहायला कुणाची हरकत नाही असं वाटायचं, पण थोडा वेळ उभं राहिलं की त्यालाही हरकत. चालत राहिलं तरच कुणी बोलत नाही. म्हणून चालत राहिलो. पाय भरून आले आणि लखन उठला.

उठला तो जो पेटला! त्याच्या आवाजापुढे आमचा लाउडस्पीकर काहीच नाही. त्याच आवाजावर सिस्टर पोचल्या, घामाघूम.

"सर! कुठे होतात? सगळा घाट पालथा घातला मी! तुम्हाला एका जागी बसता येत नाही का?"

दुसरीकडून भागुबाई, डोक्यावर गोधडी, हातात पातेलं, दम लागलेला. चेहरा पांढराफटक. लखनला पाहिल्यावर तिने पातेलं तिथेच टाकलं. "हिथंच बस म्हनलं व्हतं ना तुला!" अहोजाहो गेलं होतं.

"उठवलं मला," मी म्हणालो.

"कोनी?"

मी आठवायला लागलो. हवालदार, ओटा धुणारी, चिवडेवाला, अजून एक टोपीवाला. शेवटी म्हणालो, "उठवणारे."

भागुबाईने माझ्याकडे पाहिलं. माकडटोपी, शालीवर ओला डाग, हाताला भाजीचा वास. आणि ती हसायला लागली. हसता हसता खाली बसली, तोंडावर पदर दाबला, पुन्हा हसली. सिस्टरही हसल्या. लखन रडायचा थांबून बघायला लागला, तोंड उघडंच होतं, तेवढ्यात सिस्टरनी दोन थेंब आत टाकले. त्याने तोंड असं केलं जणू कुणी त्याचा विश्वासघात केला. भागुबाईने त्याची करंगळी स्वतःच पुढे धरली. शाई लागल्यावर ती पदराने वारा घालून वाळवत होती. कितीतरी वेळ.

तर मागून काठीचा आवाज. तोच हवालदार. "पुन्हा तुमी? आता तर टोळी जमवली. चला, उठा सगळे."

सिस्टर काही बोलणार होत्या, पण भागुबाई आधीच उठली होती. तिने लखनला पाठीला बांधलं, पातेलं माझ्या हातात दिलं. "चला, तिकडं दुपारपातूर कोनी येत नाय."

ती पुढे, मी पातेलं घेऊन मागे, सिस्टर पेटी घेऊन माझ्या मागे. तपोवनाच्या बाजूला, एका बंद पडलेल्या पंपहाउसच्या मागे वळलो. या गावात माझा जन्म गेला, पण ही जागा माझ्या कुठल्याही वॉर्डात नव्हती. भिंतीला लागून चुलीच चुली. बाया, गोधड्या, कोंबड्या आणि पोरं, काल पाहिली त्यापेक्षा कितीतरी जास्त, शाई न लागलेल्या करंगळ्यांची.

सगळ्यांनी माना वर केल्या. एक बाई उठून उभी राहिली, तिने आपलं मूल कडेवर घेतलं आणि माझ्याकडे बोट करून भागुबाईला विचारलं, "ह्यो कोन?"

मी घसा साफ केला. स्वेटरच्या आत हात घालून बिल्ला चाचपू लागलो.

भागुबाई म्हणाली, "आपल्यातलाच हाय. आत्ताच हाकललाय त्याला."

बाई पुन्हा खाली बसली. मी खुलासा करणार होतो, पण तेवढ्यात सिस्टरनी पेटी उघडली आणि कुणीतरी पहिलं मूल माझ्या मांडीवर आणून ठेवलं.